शिंगे सोडून बघा



विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांनी जरा चाचरत विचारले, ‘तासभर पुरेल ना?’ शंका रास्त होती. ज्याच्याविषयी बोलायचे तो किडा बोटाच्या एका पेरावर सहज मावतो. शेतीच्या पुस्तिकांमध्ये त्याला ‘काऊ बग’ म्हणतात, कीटकशास्त्राच्या पुस्तकांत ‘ट्रीहॉपर’. मी आज शिंगवाला तुडतुडा म्हणणार आहे, कारण कपाशीवरचे आणि आंब्याच्या मोहोरावरचे तुडतुडे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहेत आणि हा त्यांचाच नातलग.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर वनस्पतिशास्त्राचे. काडेपेटीत किडा घालून कोणी त्यांच्याकडे गेले, तर पेटी उघडण्याआधी ते विचारत, ‘कोणत्या झाडावर होता?’ उत्तर आले नाही की पेटी तशीच परत. विद्यार्थ्यांना तो तऱ्हेवाईकपणा वाटे. मी स्वतः किड्यांच्या मागे लागलो तेव्हा त्या प्रश्नाची किंमत कळली. ती का, हे पुढे ओघात येईलच.

अलीकडे काडेपेटीची जागा मोबाइलने घेतली आहे. पावसाळा सुरू झाला की फोटो येऊ लागतात. ‘बाभळीचा काटा चालतोय.’ ‘वांग्यावर बैलाच्या तोंडाचा किडा आहे.’ ‘हा विषारी आहे का?’ आणि सगळ्यांच्या शेवटी एकच मागणी: नाव सांगा. फोटोत शिंगे ठसठशीत असतात. झाड बहुधा नसतेच; मागची भिंत किंवा काढणाऱ्याचा अंगठा मात्र असतो. माझे म्हणणे असे की शिंगांमुळे हा किडा आपल्या नजरेत भरतो, पण ओळख पटवताना तीच शिंगे सर्वांत जास्त दगा देतात. नाव हवे असेल तर शिंगे बाजूला ठेवून बाकीचा किडा बघायला हवा. आणि पुरावा जिथे संपतो, तिथे नावही थांबवायला हवे.

आधी ही शिंगे आहेत तरी काय ते पाहू. किड्याचे शरीर डोके, छाती आणि पोट असे तीन भागांचे. छातीचे पुन्हा तीन तुकडे, आणि त्यांतल्या पहिल्या तुकड्याच्या पाठीवर एक कठीण पत्रा असतो, अग्रवक्षाची ढाल. झुरळाच्या डोक्यामागे जी चपटी टोपी दिसते, तीच ही. शिंगवाल्या तुडतुड्यात ही ढाल बेसुमार वाढलेली असते. दोन्ही खांद्यांवर तिची शिंगे होतात आणि मागे एक लांब काटा निघून पोटावरून पंखांच्या टोकाकडे जातो. म्हणजे ज्याला आपण बैलाचे डोके समजतो ते डोके नसतेच. खरे डोके त्याच्याखाली, खाली तोंड करून, दोन डोळ्यांसह दडलेले असते. या कुलाचे शास्त्रीय नाव मेम्ब्रॅसिडी. जगभरात याच्या ३,२०० हून अधिक जातींना नावे मिळालेली आहेत आणि सर्वाधिक वैविध्य मध्य व दक्षिण अमेरिकेत आहे. ब्राझीलच्या बोसिडियमच्या पाठीवर देठांवर गोळे असतात. सायफोनियाची एक जाती पाठीवर अख्खी मुंगी घेऊन फिरते: मुंगीचे डोके, पोट, काटे, सगळे ढालीचेच, आणि मुंगीचे तोंड मागच्या दिशेला. जॉर्ज बकटन यांच्या या कुलावरच्या, १९०३ साली पुऱ्या झालेल्या ग्रंथाला एडवर्ड पोल्टन यांनी परिशिष्ट जोडले, ते याच विषयावर: असे आकार जगण्याच्या धडपडीत कशाला उपयोगी पडत असतील?

त्या ढालीच्या उगमावरून अलीकडे चांगलाच वाद रंगला. २०११ साली ‘नेचर’मध्ये एका गटाने मांडले की ही ढाल नव्हेच, हे पंखांच्या तिसऱ्या जोडीसारखे नवे अवयव आहेत. पुढच्याच वर्षी इतरांनी दाखवले की तिथे सांधा नाही, ती ढालीचीच वाढ आहे. २०२० मध्ये आणखी एका अभ्यासाने सांगितले की पंख घडवणारी जनुके या ढालीच्या घडणीत वापरली गेली आहेत. म्हणजे वाढ ढालीची आणि कारागीर पंखांचे. माझ्या मते प्रश्न बऱ्यापैकी सुटला.

आता बाभळीच्या फांदीशी जाऊ. बाभूळ, शिरीष, वेडी बाभूळ, यांपैकी काहीही चालेल. फक्त कोवळी फांदी हवी आणि दहापटीचे भिंग हवे. झाडाकडे बघताना आधी किडा शोधू नका, मुंगळे शोधा. काळे, मोठे मुंगळे एका फांदीवर रेंगाळताना दिसले की तिथे काहीतरी आहे. जवळ गेल्यावर करड्या रंगाची, पाठीवर काटेरी उंचवटे असलेली पिल्ले फांदीला चिकटून बसलेली दिसतात, एकामागे एक, दाटीवाटीने. त्यांना शिंगे नसतात. पोटाचे शेवटचे टोक मात्र नळीसारखे लांबलेले असते. मुंगळा येतो, शृंगिकांनी पिल्लाच्या पाठीवर हलके हलके थोपटतो. पिल्लू नळी वर उचलते. टोकाशी एक पारदर्शक थेंब फुगतो, क्षणभर थरथरतो आणि मुंगळ्याच्या तोंडात जातो. यालाच चिकटा म्हणतात. किडा सोंड खुपसतो ती रसवाहिनीत, जिच्यातून पानांत तयार झालेली साखर वाहते. साखर भरपूर आणि नायट्रोजन तुटपुंजे, म्हणून पुरेसे पोषण मिळवायला त्याला रस पुष्कळ प्यावा लागतो आणि जास्तीची साखर बाहेर टाकावी लागते. मुंगळ्यांना फुकटचे अन्न मिळते आणि कोळी, कातरकिडे, परजीवी गांधीलमाश्या असे शत्रू दूर राहतात. मुंगळे नसतील तिथे हा चिकटा पानांवर साठतो आणि त्यावर काळी बुरशी चढते.

ही पिल्ले पाच वेळा कात टाकतात. शेवटच्या कातीच्या आत ढाल दुमडून तयार असते; प्रौढ बाहेर आला की ती फुगते आणि मग कडक होते. मऊ असलेला ताजा प्रौढ फिकट, हिरवट, काही वेळा जवळजवळ पांढरा असतो. नेमक्या याच अवस्थेतले फोटो ‘अगदी नवा, पांढरा प्रकार सापडला’ म्हणून येतात. दुसऱ्या दिवशी तोच किडा तपकिरी झालेला असतो. म्हणून रंगावर नाव ठरवू नये, निदान पहिल्या नजरेत तरी नाही.

शिंगांचेही तसेच. एकाच जातीत नर लहान, मादी मोठी. तिची शिंगे लांब, त्याची आखूड. एकाच फांदीवरच्या दोन माद्यांची शिंगेसुद्धा सारखी नसतात. शिंगांची लांबी, कोन आणि टोकाचा बाक यांवरून पूर्वी जाती केल्या गेल्या, आणि पुढच्या लोकांना ती नावे एकमेकांत विलीन करावी लागली. ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणारे फ्रान्सिस वॉकर यात बदनामच होते. त्यांनी किड्यांना हजारो नावे दिली, पुष्कळदा एकाच किड्याला दोनदा, तीनदा. त्यांच्या निधनानंतरचा मृत्युलेखही त्यांच्यावर दया दाखवत नाही. तरी आपल्या तुरीवरच्या किड्याचे ओटिनोटस ओनेरॅटस हे नाव ज्या वॉकरांचे आहे, तेच हे. एवढी नावे दिली की काही टिकतातच.

मग बघायचे काय? सर्वप्रथम, हा शिंगवाला तुडतुडा आहे का, हेच. आपल्याकडे बोरीवर मॅकेरोटा नावाचा एक किडा सापडतो. त्याच्याही पाठीवर मागे वळलेला लांब काटा असतो आणि फोटो बघून भलेभले त्याला आपल्या तुडतुड्यांत बसवतात. प्रत्यक्षात तो फेसकिड्यांच्या जवळचा. त्याची पिल्ले फांदीवर चुन्याच्या नळ्या बांधून त्यांत राहतात. फरक कुठे, तर काट्याच्या मुळाशी. मॅकेरोटाचा काटा छातीच्या दुसऱ्या तुकड्यावरच्या त्रिकोणातून, म्हणजे स्कुटेलममधून निघतो. शिंगवाल्याचा काटा पहिल्या तुकड्याच्या ढालीतून. काटा तोच दिसतो, मूळ वेगळे असते. बोरीच्या फांदीवर अशा नळ्या असतील, तर भिंगाचीही गरज नाही.

काटा ढालीचाच, हे पक्के झाले की नजर त्याच्याखाली न्यायची. आपल्या बागेत आणि बांधावर हमखास भेटणारे तीन सांगतो. त्यांच्यासाठी एवढेच पुरते.

बाभळीवर बहुधा ऑक्सिरॅकिस असतो. त्याचा मागचा काटा पाठीला अगदी लागून सरळ मागे जातो. मध्ये बोट सोडाच, केसही शिरणार नाही. त्रिकोण ढालीखाली झाकलेला असतो. शिंगे बारीक आणि बाजूंना पसरलेली.

वांग्यावर लेप्टोसेन्ट्रस दिसतो, पांगाऱ्यावरही येतो. तो काळा, छातीच्या बाजूंना पांढऱ्या लवीचे ठिपके, शिंगे बाहेर वळून मागे झुकलेली. त्याचा मागचा काटा पाठीपासून आधी वर उठतो, मग वाकून खाली पंखांना टेकतो. बाजूने पाहिले तर कपाच्या कानातून पलीकडचे दिसावे तशी मध्ये मोकळी फट दिसते. या किड्याला एकदा बाजूने नीट पाहिले की पुन्हा भिंग लावावे लागत नाही. वरून काढलेल्या फोटोत ही फट कधीच दिसत नाही, आणि लोक नेहमी वरूनच फोटो काढतात.

तुरीवर ओटिनोटस. हा तपकिरी, शिंगे जाड आणि आखूड. त्याचा मागचा काटा बुडाशी रुंद, छपरासारखा उतरता आणि पाठीला धरून असतो. पण त्रिकोणाच्या कडा दोन्ही बाजूंना दिसतात. तुरीच्या शेंड्याशी, खोडाच्या हिरव्या भागावर, मुंगळ्यांच्या पहाऱ्यात हे पुंजक्याने बसतात.

तिघेही सेंट्रोटिनी या एकाच उपकुलातले. आपल्या गोलार्धातले जवळजवळ सगळे शिंगवाले तुडतुडे याच उपकुलात येतात. गोळे, मुंग्या आणि पाने पाठीवर वाहणारी चित्तवेधक मंडळी अमेरिकेकडची. त्यामुळे आपल्या बागेतल्या किड्याचा फोटो एखाद्या ॲपवर टाकला आणि ॲपने दक्षिण अमेरिकेतली जाती सुचवली, तर तिथेच सोडून द्यावे. ॲप बिचारे शिंगे बघते.

इथे थोडे नावांच्या व्यवस्थेविषयी. मराठीत प्रजाती म्हणजे नावातला पहिला शब्द आणि जाती म्हणजे दुसरा. वर्तमानपत्रे या दोन शब्दांची सर्रास अदलाबदल करतात, पण मी जुन्या रिवाजाने चालतो. ऑक्सिरॅकिस ही प्रजाती जर्मार यांनी १८३३ मध्ये केली, पण बाभळीवरच्या जातीचे टॅरँडस हे नाव त्याहून जुने, १७९८ चे. ते दिले लिनियसचे डॅनिश शिष्य योहान ख्रिश्चन फॅब्रिसियस यांनी. डेन्मार्कची वसाहत तेव्हा तरंगमबाडीला होती आणि तिथून भारतातले किडे युरोपात जात. वांग्यावरच्या किड्याला टॉरस, म्हणजे बैल, हे नाव त्यांनीच त्याआधी, १७७५ मध्ये दिले होते. टॅरँडस म्हणजे रेनडियर. बाभळीला रेनडियर कुठून दिसणार? पण ते नाव आता हलत नाही. नियम असा की ज्याने आधी रीतसर नाव छापले त्याचे नाव राहते, मग ते शोभो न शोभो. लिनियसच्या ग्रंथाची १७५८ ची दहावी आवृत्ती ही या नियमाची सुरुवात. आणि नाव वर्णनाला नव्हे, एका ठरावीक टाचलेल्या नमुन्याला बांधलेले असते. वाद झाला तर तो नमुना काढून बघायचा. आपल्याकडच्या पुष्कळ जातींचे असे नमुने लंडनमध्ये आहेत. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. तिथल्या संग्रहातून तुलनेसाठी पुष्कळ काही मिळू शकते. पण टॉरस कोणाला म्हणायचे याचा निवाडा शेवटी त्या जुन्या टाचणीवर जातो.

भारतातल्या या कुलावर पहिले मोठे काम विल्यम ल्युकस डिस्टंट यांचे. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या ऱ्हिंकोटा विभागाचा चौथा खंड १९०८ चा, आणि तो आजही टेबलावर लागतो. त्यातली रेखाचित्रे बाजूने काढलेली आहेत, ही गोष्ट फोटो काढणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. मग अमेरिकेतले विल्यम फंकहाउझर. त्यांची १९२७ ची सूची म्हणजे तोवरच्या सगळ्या नावांचा जमाखर्च. आणि आपल्याकडे के. एस. अनंतसुब्रमणियन, ज्यांचे या कुलावरचे भारतीय प्राणिसृष्टीच्या मालिकेतले पुस्तक प्राणिसर्वेक्षणाने १९९६ मध्ये काढले. ते टी. एन. अनंतकृष्णन यांच्यासोबत आधीपासून या किड्यांची राहणी, झाडे आणि मुंग्या यांवर काम करत होते. डिस्टंट कपाटातल्या नमुन्यांवरून लिहीत, अनंतसुब्रमणियन झाडाजवळ उभे राहून. मला दुसऱ्या प्रकारचे लेखन अधिक उपयोगी पडते, हे कबूल करायला हरकत नाही.

एक व्यावहारिक अडचणही सांगून ठेवतो. ऑक्सिरॅकिसचे रोमन स्पेलिंग पुस्तकांत दोन तऱ्हांनी छापलेले आढळते, एकात एक ‘एच’ जास्त, एकात कमी. टॅरँडसचेही कुठे टॅरँडस, कुठे टॅरँडा. एकाच स्पेलिंगने शोध घेतला की निम्मे साहित्य हाती लागत नाही. आणि मग आपल्या जिल्ह्यात हा किडा कोणी नोंदवलेलाच नाही, असे वाटून बसते.

आता सरांच्या प्रश्नाकडे येतो, कोणत्या झाडावर? याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतले आहे. टॉमस से यांनी १८२४ मध्ये एका शिंगवाल्या तुडतुड्याचे वर्णन केले, तो आज एंकेनोपा बायनोटाटा म्हणून ओळखला जातो. पाठीवर पिवळे दोन ठिपके, पुढे वाकलेले एक शिंग. पूर्व अमेरिकेत अक्रोडावर, रेडबडवर, काळ्या लोकस्टवर, व्हायबर्नमवर, आपल्या मालकांगोणीच्या तिथल्या भावंडावर, सगळीकडे हाच. शंभर-दीडशे वर्षे सगळ्यांनी मानले की ही एकच जाती आहे आणि तिला बरीच झाडे चालतात. टॉमस वुड यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की तसे नाही. प्रत्येक झाडावरचे किडे आपल्याच झाडावर अंडी घालतात. हिवाळ्यानंतर झाडात रस चढू लागला की अंडी फुटतात आणि हा रस प्रत्येक झाडात वेगवेगळ्या वेळी चढतो. म्हणून अक्रोडावरचे वयात येतात तेव्हा दुसऱ्या झाडावरच्यांचा मेळ त्यांच्याशी बसत नाही. पिल्लांचे रंग वेगळे. नर मादीला बोलावतात ते फांदीतून जाणाऱ्या कंपनांनी. ते गाणे आपल्या कानाला ऐकू येत नाही, पण फांदीला सूक्ष्म संवेदक लावला की येते, आणि प्रत्येक झाडावरच्या नराचा सूर वेगळा असतो. माद्या आपल्या सुरालाच दाद देतात. शिंगे मात्र सगळ्यांची सारखी! या समूहातल्या बहुतेकांना आजही स्वतंत्र शास्त्रीय नाव नाही. अभ्यासक त्यांना झाडाच्या नावाने ओळखतात, ‘व्हायबर्नमवरचा’, ‘अक्रोडावरचा’. इथे झाड हा पत्ताही आहे आणि नावही. फोटोतून झाड कापून टाकणे म्हणजे काय गमावणे, हे यावरून समजावे.

कंपनांवरून आणखी एक. अमेरिकेतल्या अंबोनिया क्रासिकॉर्निस या काट्यासारख्या तुडतुड्याची मादी पिल्लांजवळ राहते. रेक्स कॉक्रॉफ्ट यांनी दाखवले की गांधीलमाशी जवळ आली की पिल्ले सगळी मिळून फांदीतून एक ठोका देतात, रांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लाट गेल्यासारखा, आणि आई त्या बाजूला धावून जाते. आपल्या बाभळीच्या फांदीवरही पिल्ले अशी रांगेने बसतात, म्हणून हे सांगितले. फांदीला हात लावण्याआधी थोडा वेळ नुसते बघत बसावे.

मग जातीपर्यंत पोहोचायचे कसे? सरळ उत्तर: बहुतेक वेळा फोटोवरून नाही. लेप्टोसेन्ट्रस हे फोटोवरून सांगता येते. टॉरसच आहे असे छातीठोकपणे सांगायला नमुना हवा. ट्रायसेन्ट्रस ही प्रजाती तर आणखी अवघड. तिच्यातल्या जाती बाहेरून इतक्या सारख्या की नराचे जननांग पाहिल्याशिवाय बोलू नये. त्यासाठी पोटाचे टोक दाहक पोटॅशच्या सौम्य द्रावणात ठेवून मऊ भाग विरघळवायचा, मग उरलेला कठीण सांगाडा ग्लिसरीनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. हे घरच्या बागेत करायचे काम नव्हे. पण सत्तर टक्के अल्कोहोलच्या कुपीत दोन नर, दोन माद्या आणि त्यांच्याच फांदीवरची काही पिल्ले ठेवणे कोणालाही जमते. कुपीत चिठ्ठी हवी, पेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई अल्कोहोलमध्ये उतरते: गाव, तालुका, तारीख, झाड, कोणी गोळा केले. चिठ्ठीशिवायचा नमुना म्हणजे फक्त मेलेला किडा.

फोटोच पाठवायचा असेल तर एक अगदी बाजूने, एक समोरून, एक वरून. शिवाय झाडाचे पान दाखवणारा एक आणि मुंग्या असतील तर त्यांचाही. सोबत पिल्ले किंवा फांदीवर राहिलेली कात असेल तर उत्तमच. एवढे आले की मी बहुधा प्रजातीचे नाव देतो आणि पुढे जात नाही. काहींना ते कमीपणाचे वाटते. ‘नाव अर्धेच दिलेत,’ असे कोणी नाराजीने लिहिते. पण नाव दिले की त्याच्यामागे बरेच काही आपोआप येते: पीक, नुकसान, औषध, नोंद, नकाशा. चुकीची जाती एकदा एखाद्या यादीत शिरली की तिच्यावरून पुढच्या याद्या तयार होतात आणि ती बाहेर काढायला कोणाला तरी वर्षे घालवावी लागतात. त्यापेक्षा ‘ट्रायसेन्ट्रस, जाती अनिश्चित’ ही नोंद खूप मोलाची. तिच्यासोबत नमुना ठेवला असेल, तर उद्या कोणीतरी पुढचे नाव भरेल.

संग्रहालयात पडून राहिलेल्या नमुन्यांची तर वेगळीच मजा. २०२० साली निकाराग्वातल्या अशाच एका जुन्या नमुन्यावरून नवी प्रजाती झाली आणि तिच्या जातीला नाव मिळाले कायकाया गागा, लेडी गागा या गायिकेवरून. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. मला ते नाव आवडते, रेनडियरपेक्षा जास्त. आणि त्यामुळे चार लोकांनी आपल्या कुंडीत डोकावून पाहिले असेल, तर बरेच झाले.

झाडाच्या नावाचा हिशेब चुकला की काय होते, ते ऑस्ट्रेलियाकडून शिकावे. घाणेरी, म्हणजे लँटाना, तिथेही माजलेली आहे, आपल्या डोंगरांवर आहे तशीच. तिला आवर घालायला १९९५ मध्ये मेक्सिकोतून ॲकोनोफोरा कॉम्प्रेसा हा शिंगवाला तुडतुडा आणून सोडला. त्याला जे झाड पसंत पडले ते घाणेरीच्याच कुलातले पण वेगळे, बागांमधून हौसेने लावलेले फिडलवुड. ब्रिस्बेनच्या परिसरात ही झाडे त्यांनी लगडली, खाली लावलेल्या गाड्यांवर चिकटा गळू लागला, काळी बुरशी चढली, आणि लोक चिडले. किडा ओळखण्यात चूक नव्हती. त्याचे नाव बरोबर होते. तो कोणत्या झाडांवर जाईल, ही यादी अपुरी होती.

शेवटचा प्रश्न नेहमी हाच येतो, म्हणून आधीच उत्तर देतो: मारायचे का? कुंडीतल्या वांग्यावर पाच-दहा दिसले तर हाताने काढावेत किंवा पाण्याचा जोरदार फवारा मारावा; पिल्ले उडू शकत नाहीत, धुऊन जातात. परसातल्या तुरीवर शेंडा वाकेल इतके असतील, तर तेवढा शेंडा काढावा. शेतात जास्तच झाले तर कृषी सहायकाला फांदीसकट दाखवावे, नुसता फोटो नको. औषध मारून मुंग्या, कोळी, लेडीबर्ड बीटल सगळ्यांना एकत्र निकालात काढण्याइतके नुकसान बागेत हे क्वचितच करतात. आणि बाभळीवरच्यांना तर हातच लावू नये. तिथे मुंगळे असतात, आणि ते चावतात.